अनुभव नेमका कशाचा? राष्ट्राध्यक्षपदासाठी शिफारस करताना एका कार्यकारिणीपुढे आलेला पेच

हे प्रकरण एका कर्मचारी संघटनेचं आहे. देशाचं, संघटनेचं आणि उमेदवारांचं नाव गाळलं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मी या बैठकांना बाहेरचा माणूस म्हणून होतो. चर्चा भरकटू न देणं एवढंच माझं काम होतं. ते मला कुठे जमलं नाही, तेही पुढे येईल.

पार्श्वभूमी

सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांची ही जुनी संघटना. त्या देशात राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडला जातो. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. दर निवडणुकीआधी संघटनेची सात जणांची कार्यकारिणी सभासदांना शिफारसपत्र पाठवते. पत्र बंधनकारक नसतं, पण लोक ते वाचतात आणि घरात त्यावर बोलणं होतं.

आजवर हे काम सोपं असायचं. आपल्या मागण्यांवर कोण काय म्हणतो ते बघायचं आणि ज्याची आश्वासनं जुळतील त्याचं नाव लिहायचं. या वेळी तिन्ही प्रमुख उमेदवारांनी मागण्यांवर जवळजवळ एकच उत्तर दिलं होतं. त्यामुळे निवड आश्वासनांवरून उठली आणि माणसावर येऊन ठेपली.

उमेदवार 'अ' 26 वर्षं संसदेत होते, त्यातली 7 वर्षं मंत्री. उमेदवार 'ब' यांनी शून्यातून मोठी कंपनी उभी केली होती, 22 वर्षं तिचे प्रमुख होते, निवडणूक मात्र कधीच लढवली नव्हती. उमेदवार 'क' एका मध्यम शहराच्या 8 वर्षं महापौर होत्या. राष्ट्रीय संसदेत त्या कधी गेल्या नव्हत्या.

गाडी कुठे अडली

पहिल्याच बैठकीत अध्यक्षबाई म्हणाल्या, "देश चालवणं ही शिकाऊ उमेदवारी नाही. हात बसलेला माणूस हवा." कार्यकारिणीतल्या सर्वांत तरुण सदस्याने लगेच विचारलं, "आज आपण जिथे आहोत तिथे आणलं कुणी? हात बसलेल्यांनीच ना?"

पुढचे दोन तास हीच दोन वाक्यं वेगवेगळ्या शब्दांत फिरत राहिली. घरी येऊन मी इतिवृत्त वाचलं. 'अनुभव' हा शब्द जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी होता, पण अनुभव कशाचा, हे एकानेही सांगितलं नव्हतं. अध्यक्षबाईंच्या मनात सरकारी यंत्रणेची जाण होती. तरुण सदस्याच्या मनात जुन्या हितसंबंधांत अडकलेली माणसं होती. खजिनदार साहेब सरळ वर्षं मोजत होते. तिघांचं आपापल्या जागी बरोबर होतं, म्हणून तर कुणी मागे हटत नव्हतं.

समोर आलेले मार्ग

शिफारस करायचीच नाही, हा एक मार्ग. दोघांनी तो सुचवला आणि त्यात प्रामाणिकपणा होता. पण अवघड निवडणुकीतच सभासद आपल्याकडे बघतात, असं म्हणून तो बाजूला पडला. जुन्या रीतीने आश्वासनं जुळवायची, तर तिघं सारखेच निघत होते.

तिसरा मार्ग खजिनदारांचा. त्यांनी घरून आखलेला ताव आणला होता, पट्टीने ओढलेल्या रेघा, लाल शाईत बेरजा. संसदेतल्या प्रत्येक वर्षाला 1 गुण, मंत्रिपदाच्या वर्षाला 2, महापौरपदाला दीड, खासगी क्षेत्रातल्या नेतृत्वाला अर्धा. 'अ' यांचे 19 वर्षांचे 19 आणि मंत्रिपदाचे 14 मिळून 33, 'क' यांचे 12, 'ब' यांचे 11. "आता वाद कशाला?" त्यांनी विचारलं. त्यांची मेहनत खरी होती आणि कागदावर एक प्रकारची शिस्तही होती.

मी म्हटलं, याच तावावर दोन जुनी नावं टाकून बघू. पहिलं जेम्स ब्युकॅनन. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात 10 वर्षं, मग रशियात राजदूत, त्यानंतर दशकभर सिनेटमध्ये, 4 वर्षं परराष्ट्रमंत्री, पुढे ब्रिटनमध्ये राजदूत. 1857 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्याइतकी शिदोरी फार थोड्यांकडे होती. दुसरं अब्राहम लिंकन. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात 8 वर्षं, प्रतिनिधिगृहात अवघी 2, आणि 1858 मध्ये सिनेटच्या लढतीत हार. तावावर ब्युकॅनन कितीतरी पुढे निघाले. पण देश फुटायला लागला तेव्हा राज्यांना संघातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही, आणि त्यांना रोखण्याचा अधिकार केंद्रालाही नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. मार्च 1861 मध्ये लिंकन यांनी शपथ घेतली तोवर सात राज्यं वेगळी झाली होती.

खोलीत शांतता पसरली. ती मोडली खजिनदारांनीच. "दोन नावांनी काय सिद्ध होतं? उलटी दोन मीही आणेन." आणि पुढच्या बैठकीत त्यांनी एक आणलंही. पेरूचे आल्बेर्तो फुजिमोरी. कृषी विद्यापीठाचे कुलगुरू, राजकारणात नवखे, 1990 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. संसदेत त्यांच्याकडे बहुमत नव्हतं आणि संसद अडवते ही त्यांची तक्रार होती. 5 एप्रिल 1992 रोजी सैन्याच्या पाठिंब्याने त्यांनी संसदच बरखास्त केली. पुढे 2009 मध्ये मानवी हक्कांच्या उल्लंघनाबद्दल त्यांना 25 वर्षांची शिक्षा झाली.

खजिनदारांचा आक्षेप रास्त होता. उदाहरणाने नियम मोडता येतो, नवा बांधता येत नाही. शिवाय ही सगळी निवडून आलेल्यांची उदाहरणं. न निवडले गेलेले अनुभवी आणि नवखे कसे निघाले असते, ते कुणालाच कळणार नाही.

पण ही तिन्ही नावं शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट मला दिसली, आणि या प्रकरणात माझं काही म्हणणं असेल तर ते एवढंच आहे. राजकारणातला अनुभव म्हणजे ज्यांना हुकूम देता येत नाही अशा माणसांसोबत काम करण्याचा अनुभव. 'नाही' म्हणण्याचा ज्यांना हक्क आहे, त्यांचं 'नाही' ऐकायचं आणि त्यानंतरही काम पुढे न्यायचं. फुजिमोरींना ते ऐकवलं नाही. ब्युकॅनन अशा माणसांत चार दशकं वावरले, पण निर्णायक वेळी त्यांच्यासमोर उभे राहिले नाहीत. लिंकन यांनी पक्षाच्या उमेदवारीसाठी आपल्याशी लढलेल्या सेवर्ड, चेस आणि बेट्स यांनाच मंत्रिमंडळात घेतलं. रोज नकार ऐकायची सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली होती.

इथून चौथा मार्ग निघाला. वर्षं बाजूला ठेवायची आणि प्रत्येक उमेदवाराने नेमकं कुठलं काम, कुणासोबत, कुठल्या अडचणीत केलं ते शोधायचं.

काय केलं

आधी आपल्या व्यवस्थेत हा प्रश्न किती महत्त्वाचा, ते तपासलं. संसदीय पद्धतीत पक्ष आणि सभागृह माणसाला वर्षानुवर्षं पारखत असतात. टोनी ब्लेअर 1997 मध्ये आणि डेव्हिड कॅमेरून 2010 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले, तेव्हा दोघांनीही आधी एकही मंत्रिपद सांभाळलं नव्हतं. तरी दोघं खासदार होते, विरोधी पक्षनेते होते, भर सभागृहात प्रश्न विचारून आणि टीका झेलून आले होते. थेट निवडणुकीत ही चाळणी नसते. तिथे चाळणीचं काम मतदारालाच करावं लागतं. हा मुद्दा सर्वांना पटला आणि बैठकांचा सूर बदलला.

मग प्रश्न ठरले. हुकूम चालत नव्हता तिथे या माणसाने कुणाकडून काय करून घेतलं? ठाम नकार मिळाला तेव्हा पुढचं पाऊल काय होतं? पैसा कमी पडला तेव्हा कात्री कशाला लागली? माणसं कशी नेमली, कशी काढली? चूक उघडी पडली तेव्हा चारचौघांत काय म्हटलं? भाषणं आणि जाहिराती पुरावा धरायच्या नाहीत. सभागृहांची इतिवृत्तं, अंदाजपत्रकं, लेखापरीक्षणाचे अहवाल आणि न्यायालयीन निकाल चालतील.

प्रत्येक उमेदवारासाठी दोन सदस्य नेमले, त्यातला एक त्या उमेदवाराकडे कललेला आणि एक विरोधात. जोडीने कागद वाचायचे आणि दोघांना मान्य असेल तेवढंच लिहायचं. अध्यक्षबाईंनी सगळं वाचायचं. या पद्धतीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. 'क' यांच्या कागदांवर तरुण सदस्य आणि खजिनदार एकत्र बसले. एरवी दोघं एकमेकांना वाक्य पूर्ण करू देत नसत.

'अ' यांच्या बाबतीत मोठी जमेची बाजू सापडली. मंत्री असताना स्वपक्षाचं बहुमत गेलेल्या सभागृहात त्यांनी तीन छोट्या पक्षांशी बोलून अंदाजपत्रक मंजूर करून घेतलं होतं. असं काम अनुभवाशिवाय होत नाही. पण नेमणुकांच्या रकान्यात एकाच वर्तुळातली माणसं पुन्हा पुन्हा दिसली. आणि मोठं विधेयक एकदा पडल्यावर ते त्यांनी परत कधी हाती घेतलं नव्हतं.

'ब' यांच्याबद्दल दोघांनी एक महत्त्वाचं वाक्य लिहिलं. कंपनीचे निम्म्याहून जास्त समभाग त्यांच्याचकडे असल्याने संचालक मंडळात त्यांना अडवू शकेल असं कुणी नव्हतं. एक अपवाद होता. कारखान्यात संप झाला तेव्हा पाच आठवडे ते अडून बसले, सहाव्या आठवड्यात स्वतः कामगारांसमोर गेले, दोन मागण्या मान्य केल्या आणि आपण उशीर केला असं तिथेच म्हणाले. जोडीने हे नोंदवलं आणि पुढे 'एकच प्रसंग' असा शेरा मारला. हा शेरा लक्षात ठेवा.

'क' यांचे कागद सर्वांत रटाळ होते आणि सर्वांत बोलके. त्यांच्या दुसऱ्या कार्यकाळात शहराच्या सभागृहात विरोधकांचं बहुमत होतं. सांडपाण्याची योजना सभागृहाने दोनदा फेटाळली. तरुण सदस्याने तिन्ही सभांची इतिवृत्तं ओळ न् ओळ वाचली. पहिल्या सभेत महापौरांचं भाषण पावणेदोन पानांचं होतं. तिसऱ्या सभेत ते सात ओळींचं होतं, आणि उरलेली पानं विरोधी सदस्यांच्या सूचनांनी भरलेली. योजनेचे चार तुकडे केले होते आणि पहिला तुकडा विरोधी नेत्याच्याच प्रभागातला होता. ठराव एकमताने मंजूर झाला. खजिनदारांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हिला काम येतं." मग थोडं थांबून, "पण शहराचं."

ते 'पण' पुढच्या दोन बैठका पुरलं. परराष्ट्र धोरण, सैन्य, चलन यांपैकी कशाशीही 'क' यांचा संबंध आला नव्हता. तरुण सदस्याचं म्हणणं, राष्ट्राध्यक्षपदासारखं पद दुसरं कुठलंच नसतं, त्यामुळे तिथलं काम तिथेच शिकावं लागतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, मग लष्करातून आलेल्या माणसाचं काय? आयझेनहॉवर 1953 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, तोवर त्यांनी एकही निवडून आलेलं पद सांभाळलं नव्हतं. हुकूम देण्याची सवय असलेला हा सेनानी खुर्चीत बसेल आणि हुकूम सोडूनही काही हलत नाही असं त्याला दिसेल, असं भाकीत मावळते राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी केल्याचं सांगतात. पण दुसऱ्या महायुद्धात युरोपात आयझेनहॉवर यांनी चालवलं ते अनेक देशांचं संयुक्त सैन्य. ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल, फ्रान्सचे नेते द गॉल आणि ब्रिटिश सेनानी मॉन्टगोमेरी यांच्याशी त्यांना जमवून घ्यावं लागलं होतं. पुढे आठपैकी सहा वर्षं काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, दोन्ही सभागृहं विरोधी पक्षाकडे असताना त्यांनी कारभार चालवला. म्हणजे कामाचं नाव वेगळं असलं तरी जात एक असू शकते. खजिनदारांना हे पूर्ण पटलं नाही. शहराचं सभागृह आणि दोस्त राष्ट्रांचं सैन्य यांत फार अंतर आहे, असं ते म्हणाले, आणि त्यात चूक नव्हती.

निर्णय

मतदानात चौघं 'क' यांच्या बाजूने, दोघं 'अ' यांच्या बाजूने, एक तटस्थ. पत्रात शिफारस गेली, तिच्यामागची कारणं गेली, आणि खजिनदारांचं भिन्नमत त्यांच्याच शब्दांत तितक्याच ठळक अक्षरात गेलं. भिन्नमत छापावं की नाही यावर तासभर वाद झाला. पत्राचा जोर कमी होईल अशी भीती होती. अध्यक्षबाईंनी तो वाद एका वाक्यात संपवला. "नकार ऐकणारा नेता शोधतोय आणि आपल्याच खजिनदाराचा नकार लपवायचा?"

पुढे काय झालं

'क' पहिल्या फेरीतच बाहेर पडल्या. दुसऱ्या फेरीत 'अ' आणि 'ब' उरले. दोन आठवड्यांत दुसरं पत्र पाठवायचं होतं आणि त्याची कसलीच तयारी नव्हती. घाईत एकच बैठक झाली आणि पाच विरुद्ध दोन मतांनी 'अ' यांचं नाव गेलं. निवडून आले 'ब'.

संसदेत त्यांच्या बाजूचे सदस्य थोडे होते. पहिलं अंदाजपत्रक संसदेने परत पाठवलं. त्यांनी दूरचित्रवाणीवरून संसदेला जनतेचा शत्रू म्हटलं. अंदाजपत्रक चार महिने रखडलं, वर्षभरात दोन अर्थमंत्री बदलले आणि सार्वजनिक सेवेतल्या नेमणुका थांबल्या. याची झळ थेट संघटनेच्या सभासदांना लागली. रिक्त जागांचं काम असलेल्यांच्याच अंगावर पडलं. इथवर आमच्या कागदातलं वाक्य जसंच्या तसं खरं ठरत होतं.

दुसऱ्या वर्षी चित्र बदललं. 'ब' यांनी संसदेत मुरलेल्या, विरोधी पक्षातही मान असलेल्या एका ज्येष्ठ व्यक्तीला कार्यालयाचं प्रमुखपद दिलं. स्वतः संसदेत गेले आणि पहिल्या वर्षी आपली भाषा चुकली असं म्हणाले. अंदाजपत्रक वेळेत मंजूर झालं, काटछाट होऊन, पण झालं.

संपातल्या सहाव्या आठवड्याचीच ही पुनरावृत्ती होती. आधी अडून बसायचं, नुकसान डोळ्यांना दिसू लागलं की वळायचं, आणि वळताना चूक कबूल करायची. पुरावा आमच्या हातात होता आणि आम्ही त्यावर 'एकच प्रसंग' असा शेरा मारून तो बाजूला सारला होता. 'अ' असते तर पहिलं वर्ष वाचलं असतं का? मला वाटतं, बहुधा हो. पण ते पद त्यांनी सांभाळलेलंच नाही, त्यामुळे हा माझा अंदाज आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत मोठी उणीव भोवतालच्या माणसांची. आम्ही तिघांना एकेकटं तोललं. नवख्या नेत्याच्या बाबतीत तर ही चूक जास्त महागात पडते, कारण त्याची पहिली फळीच त्याचा अनुभव असते आणि ती बहुधा चाचपडत निवडलेली असते. वोलोदिमीर झेलेन्स्की 2019 मध्ये युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या पक्षाला संसदेत 254 जागांचं स्पष्ट बहुमत मिळालं, तरी पहिला पंतप्रधान सहा-सात महिन्यांत बदलावा लागला. तेच झेलेन्स्की 2022 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर राजधानी सोडून गेले नाहीत. अशा माणसाचा हिशेब पहिल्या सहा महिन्यांवरून मांडणंही चूक आणि ते सहा महिने विसरणंही चूक. 'ब' यांना आम्ही साधं एवढंही विचारलं नव्हतं की तुमच्याजवळ बसून तुम्हाला थांबवू शकेल असं कोण आहे.

दुसऱ्या फेरीच्या सर्व जोड्यांचा विचार पहिल्या पत्रासोबतच व्हायला हवा होता. तिघांच्या जोड्या तीनच होतात, त्याला फार वेळ लागला नसता.

तिसरी गोष्ट माझी. ब्युकॅनन आणि लिंकन यांची नावं मी पहिल्यांदा टेबलावर ठेवली, त्यामुळे बैठक अनुभवाच्या विरोधात झुकली. फुजिमोरी आधी आले असते तर ती कदाचित उलटी झुकली असती. चर्चा सांभाळणाऱ्याने पहिलं उदाहरण कधीच एकट्याने आणू नये. दोन्ही बाजूंची नावं आधी सदस्यांकडून मागवायची आणि एकाच कागदावर ठेवायची, हे मला तेव्हा सुचलं नाही.

कामाचं प्रमाण किती मोठं होतं, याला किती वजन द्यायचं, हा खजिनदारांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. शहराच्या सभागृहात तीस माणसांना वळवणं आणि देशाच्या संसदेत शेकड्यांना वळवणं यात फरक आहेच. माझा कल अजूनही कामाच्या जातीकडे आहे, त्यांचा प्रमाणाकडे. पुढच्या निवडणुकीसाठी त्यांनी नवा ताव आखला आहे, तसाच पट्टीने. वर्षांचा रकाना काढलेला नाही, फक्त तो पहिल्या जागेवरून शेवटी गेला आहे. पहिल्या रकान्यावर लिहिलंय: 'या माणसाला नाही म्हणू शकणारं कोण होतं?' त्याखाली त्या माणसांची नावं लिहायची आहेत. ती शोधून त्यांना प्रत्यक्ष भेटायचं काम तरुण सदस्याने मागून घेतलं आहे.